बिलावर पुष्कराज, कार्डावर टोपाझ: खडा नक्की कुठला?

नोव्हेंबरवाला
लक्ष्मी रोडवर घेतलेल्या पिवळ्या खड्याच्या बिलावर ‘पुष्कराज, सव्वापाच रत्ती’ आहे. लॅबच्या कार्डावर मात्र ‘नॅचरल टोपाझ, ४.७८ कॅरेट, वक्रीभवनांक १.६१–१.६२’. दुकानदाराचं म्हणणं, नोव्हेंबरचा बर्थस्टोन पुष्कराजच, इंग्रजीत त्यालाच टोपाझ म्हणतात. खडा गुरूसाठी तर्जनीत घालायचा आहे. हे खरं का? वजनात घोळ आहे का? आणि घरी काही तपासता येतं का?

खडेपारखी
वजनात घोळ नाही, नावात आहे.

आधी वजन. ९६ गुंजांचा तोळा धरला तर गुंज, म्हणजे जुनी रत्ती, साधारण १२१ मिलिग्रॅमची. खड्यांच्या बाजारातली ‘पक्की’ रत्ती वेगळी, सुमारे १८२ मिलिग्रॅम. कॅरेट २०० मिलिग्रॅमचा. सव्वापाच पक्की रत्ती म्हणजे ०.९५६ ग्रॅम, म्हणजेच ४.७८ कॅरेट. बिल आणि कार्ड जुळतात. तरी भाव नेहमी कॅरेटवर विचारावा, रत्ती दुकानागणिक बदलते.

आता नाव. आज ज्योतिषासाठी ‘पुष्कराज’ म्हणून जो महाग खडा विकतात तो पिवळा सफायर, म्हणजे कुरुंद. माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे, तेच. काठिण्य दहापैकी ९, वक्रीभवनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते) १.७६–१.७७. टोपाझ हे वेगळंच खनिज, काठिण्य ८. कार्डावरचा १.६१ सफायरचा असूच शकत नाही. कार्ड खोटं नाही. पैसे सफायरच्या भावाने घेतले असतील, तर कार्ड आणि बिल दोन्ही घेऊन परत जा.

घरी तपासायचं तर वजनकाटा पुरतो, पण तीन दशांशांचा हवा. काट्यावर छोट्या पेल्यात पाणी ठेवा, काटा शून्यावर आणा. सुटा खडा बारीक दोऱ्याने पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा, तळाला वा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर दिसेल ते खड्याने बाजूला सारलेलं पाणी. कोरड्या खड्याचं वजन त्याने भागा. तुमच्या ०.९५६ ग्रॅमच्या खड्यासाठी:

सफायर असेल तर काटा ०.२३९ दाखवेल (घनता ४.००)
टोपाझ असेल तर ०.२७१ (३.५३)
सुनेला, म्हणजे सिट्रिन, असेल तर ०.३६१ (२.६५)

दोन दशांशांच्या काट्यावर हे ०.२४ आणि ०.२७ दिसणार. त्यात काटा एक-दोन घरं चुकला की निकालच फिरला.

एक मर्यादा लक्षात ठेवा: कारखान्यात बनवलेल्या सफायरची घनताही ४.००च येते. नैसर्गिक की कृत्रिम हे लॅबच सांगणार.

गुरुवार_पेठ
दुकानदाराला थोडी सूट द्या, हा गोंधळ आजचा नाही. संस्कृतात पुष्पराग. गरुडपुराणात बलासुराची त्वचा हिमालयावर पडली, त्यातून हे रत्न झालं अशी कथा आहे. त्या काळी रत्नं ओळखायची ती रंग, तेज आणि वजनावरून, त्यामुळे इंग्रजीत भाषांतर करताना पुष्परागाला सर्रास टोपाझ लावलं गेलं. टोपाझ या नावाचंही तेच. ते तांबड्या समुद्रातल्या एका बेटावरून आलेलं मानतात, आणि त्या बेटावर निघायचा तो हिरवा पेरिडॉट!

बर्थस्टोनच्या महिन्यांची यादी तर आणखी निराळी. ती १९१२ साली अमेरिकन जवाहिऱ्यांच्या संघटनेने पक्की केली, सिट्रिन त्यात १९५२ला आलं. तिचा गुरूशी, राशीशी, पत्रिकेशी काही संबंध नाही. त्या यादीत टोपाझ नोव्हेंबरचा, तर सफायर सप्टेंबरचा आहे. त्यामुळे ‘नोव्हेंबर म्हणून टोपाझ’ बरोबर आणि ‘गुरूसाठी पुष्कराज’ही बरोबर, पण दोन्ही एकाच खड्यावर लावून सफायरचा भाव घेणं चूक. उपरत्न, म्हणजे मुख्य रत्नाऐवजी स्वस्तातला खडा, म्हणून टोपाझ किंवा सुनेला घालतात, ते मात्र उपरत्नाच्याच किमतीत.

खडेपारखी
बदलून सफायर घेणार असाल तर कार्डावर फक्त ‘नॅचरल’ बघून थांबू नका, ट्रीटमेंटची ओळ वाचा. तापवून रंग खुलवणं चालतं, फक्त सांगून विकायला हवं. बेरिलियम डिफ्यूजनमध्ये रंग बाहेरून आत मुरवलेला असतो, असा खडा बराच स्वस्त मिळायला हवा. किरणोत्साराने पिवळा केलेला सफायर उन्हात फिकटतो.

नोव्हेंबरवाला
खूप आभार. बदलून मिळाला नाही तर हाच अंगठीत घालावा का?

कोंदण_कट्टा
घाला, पण जपून. टोपाझ कठीण असला तरी एका दिशेने लाकडासारखा चिरतो. दाराच्या कडीवर नेमका आपटला तर सरळ दोन तुकडे. तर्जनीत असले ठोके जास्त बसतात, म्हणून उंच प्राँगऐवजी (खडा पकडणाऱ्या दातांऐवजी) कडेने पट्टी असलेलं बंद कोंदण करायला सांगा. मागून उघडं ठेवलं तर खडा बोटाला टेकतो, ज्योतिषी तेच सांगतात.

अंगठी सैल-घट्ट करायची तर खडा काढूनच झारण द्यायचं, म्हणजे तापवून सांधायचं. एकदम आच लागली की आत पिसासारखी चीर दिसते, ती परत जात नाही. साफ करायला अल्ट्रासॉनिक मशीनमध्येही टाकू देऊ नका. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश, तोही मागच्या बाजूने. पीठ आणि तेल तिथेच साचतं आणि खडा मेल्यासारखा दिसायला लागतो.

आणि वरच्या पाण्याच्या चाचणीतही साबणाचा थेंब टाका. खड्याला बुडबुडा चिकटला तर काटा जास्त दाखवतो आणि अस्सल सफायरही टोपाझ वाटायला लागतो.