शब्दचर्चा : ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे नेमकं काय?

मृणाल : नागपूरच्या अंबाझरी भागातल्या आमच्या सोसायटीसाठी पावसाळ्याआधीचं माहितीपत्रक लिहिते आहे. सरकारी कागदांत पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी जिथवर पोहोचतं ती हद्द, दाखवलेली असते : निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असं असतं. हे वाचून शेजारचे आजोबा म्हणाले, “२३ ला आला नं पूर, आता आपल्या हयातीत येत नाही.” सप्टेंबर २०२३ च्या त्या रात्री त्यांच्याच घरात पाणी शिरलं होतं. म्हणून विचारते, ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे बरोबर आहे का? दुसरा शब्द सुचवाल?

देशमुखकाका : शब्दशः धरलं तर चूक आहे, आणि घातकही आहे. पुराला वर्षं मोजता येत नाहीत. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी यायची शक्यता शंभरात एक असलेला पूर. यंदा आला तरी पुढच्या वर्षी शक्यता तेवढीच राहते. ३० वर्षांचं गृहकर्ज घेतलेल्या माणसाला हिशेब असा सांगा : लाल रेषेवरच्या घरात त्या काळात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. निळ्या रेषेवर तीच जवळपास ७१ टक्के! ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ वाचून कोणाला वाटेल का असं? शिवाय हा सारा हिशेब जुन्या नोंदींवर चालतो. पावसाची तऱ्हा बदलली की रेषाही पुन्हा आखाव्या लागतात.

मृणाल : काका, ७१ टक्के वाचून मी स्वतःच हादरले.

वैभव : ताई, मला तर आधीचाच एक शब्द खटकते. आपण नाग नदीला नाला म्हणतो. घरात, ऑटोवाल्याजवळ, सगळीकडं. नाल्याला पूररेषा असते हे कोणाच्या डोक्यात येणार? त्याच्या काठावर भिंत बांधली, स्लॅब टाकला तरी कोणी हटकत नाही. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, अन् ते पाणी पार मोरभवनच्या बसस्थानकात घुसलं. पत्रकात ‘नाग नदी’ असंच लिहा, नाला नको. अन् तलावाच्या ‘ओव्हरफ्लो’ ऐवजी सांडवा लिहा. ओव्हरफ्लो म्हटलं की लोक पाहायला जातात बाप्पा.

देशमुखकाका : वैभवचं म्हणणं मला पटतं. सांडवा म्हणजे तलावाचं जादा पाणी बाहेर काढायची वाट. तिच्या तोंडाशी अडथळा उभा करू नये, हे त्या शब्दातच आहे.

शुभांगी : ‘सज्जता’ आणि ‘पूर्वतयारी’ हे दोन्ही शब्द सरसकट वापरले जातात, पण मला फरक वाटतो. पूर्वतयारी ही कामं असतात : गाळ काढणं, पंप तपासणं, दोर आणि टॉर्च ठेवणं. सज्जता म्हणजे रात्री दोन वाजता इशारा आला तर कोण कोणाला उठवणार हे ठरलेलं असणं. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर पुराची कारणं तपासायला माधवराव चितळे समिती नेमली गेली, शहरभर पर्जन्यमापक बसले. आपत्ती व्यवस्थापन कायदाही त्याच वर्षीचा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी तर आपल्या नागपुरातच आहे. पण आपल्या जिल्ह्यानं मोवाड गावचा पूरही पाहिला आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात तिथं दोनशेहून अधिक माणसं गेली. पाणी कळायला आणि निघायला वेळच मिळाला नाही, तर पथक कितीही तरबेज असो, ते पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांची नावं पत्रकासोबत वेगळ्या कागदावर लिहून चौकीदाराकडे द्या.

मृणाल : मग वाक्य असं करते : “आपली इमारत निळ्या पूररेषेच्या आत आहे. दर वर्षी इथे पूर येण्याची शक्यता पंचविसात एक किंवा त्याहून जास्त आहे, मागच्या वर्षी आला असला तरी.” ठीक आहे?

देशमुखकाका : ठीक. ‘मागच्या वर्षी आला असला तरी’ तेवढं ठळक करा. आणि आजोबांना आधी वाचून दाखवा.