गेटवरचा फ्लेक्स: काळजाचा बाण कुठं?

कुलकर्णी सर (ए-२०३): कमिटीला नम्र विनंती. भाषा दिनाच्या 'अवयवांच्या नावांचं मूळ' फ्लेक्सवर 'सर्व नावे संस्कृतातून आली' असं छापलंय. माणसाच्या चित्रात काळजाचा बाण हृदयावर नेलाय. दोन्ही चूक. काळीज मुळात संस्कृत कालेय, म्हणजे यकृत.

शेखभाई (बी-१०१): बरोबर सर. मटणाच्या दुकानात कलेजी मागा, यकृतच देतात. दिल वेगळं.

बिराजदार मामा (सी-४०१): फ्लेक्सचे पैसे मेंटेनन्समधून गेले का? हिशोब टाका.

सचिव: सर, आपण लई बारीक बघता 🙏 लेकरांसाठी होता. अन् नावं संस्कृतातूनच आलीत की.

कुलकर्णी सर: सगळी नाहीत. संस्कृतातून प्राकृतात, मग मराठीत आलेली अशी: हस्त-हत्थ-हात, कर्ण-कण्ण-कान, कक्षा-कक्खा-काख. आधी जोडाक्षराचं द्वित्व होतं, म्हणजे एकच व्यंजन दोनदा येतं; मग त्यातलं एकच उरतं आणि त्याच्या आधीचा स्वर लांबतो. पोट, हाड या वाटेनं आलेले नाहीत. पोट्ट, हड्ड हे जैन पंडित हेमचंद्रानं १२व्या शतकात 'देशीनाममाला' या देशी शब्दांच्या कोशात घेतलेत. संस्कृतातून सिद्ध होत नाहीत असं त्याला वाटलं, ते शब्द त्यात आहेत.

सुरेखावहिनी (बी-३०४): देगलूरच्या पलीकडं तेलुगूतबी पोटाला पोट्टच म्हणतात की ओ.

शेखभाई: आपल्याकडं पोट्टं म्हणजे पोरगं 😄

सुरेखावहिनी: सी विंगची पोट्टी दिवसभर लिफ्टची बटनं दाबतात, ते बघा आधी.

बिराजदार मामा: लिफ्टचं नंतर. फ्लेक्सचे पैसे मेंटेनन्समधून गेले का? हिशोब टाका.

वैद्य मॅडम (ए-१०२): मानेपुढं 'सन्मान' लिहिलंय, तेही काढा. मान आली मन्येवरून. मान आखडण्याला आयुर्वेदात मन्यास्तंभ म्हणतात. नुसत्या आवाजावरून मूळ जुळवलं की असं होतं. टाळूला दोन बाण हवेत. संस्कृत तालु म्हणजे तोंडातलं छत, मराठीत माथ्यावरची जागाही टाळूच. कपाळ मात्र खाली सरकलं: कपाल म्हणजे कवटी.

सचिव: हनुवटी तरी बरोबर आहे ना?

वैद्य मॅडम: हो. हनु म्हणजे जबडा.

शेखभाई: म्हणजे मारुतीरायाचं नाव जबड्यावरून 🙏

सचिव: त्यावरून आठवलं, मारुती मंदिराची वर्गणी सात जणांची बाकी आहे.

बिराजदार मामा: वर्गणी मागता, हिशोब देत नाही. फ्लेक्सचे पैसे मेंटेनन्समधून गेले का?

सचिव: मामा, स्पॉन्सर आहे. मीटिंगला आला असता तर कळलं असतं.

वैद्य मॅडम: कुलकर्णी सर, एक शंका. आज बोलताना काळीज म्हणजे हृदयच. बाण यकृतावर नेला तर लेकरं गोंधळतील.

कुलकर्णी सर: मॅडम, मथळ्यात 'मूळ' आहे. बाण यकृतावर न्या, खाली 'आजचा अर्थ हृदय' लिहा.

सचिव: ठीक. नवीन छापणार नाही, स्टिकर लावू. नेमकं काय हवं ते लिहून द्या.

कुलकर्णी सर: 'सर्व'च्या जागी 'बहुतेक'. 'सन्मान' खोडून 'मन्या'. टाळूला दुसरा बाण. काळजाचा बाण उजव्या बरगड्यांखाली. आणि उजवी चित्रातल्या माणसाची, बघणाऱ्याची नव्हे.