मदत हवी आहे: ड्रिल हातात धरणाऱ्यांना विचारून स्टँड बनवायचाय

नमस्कार मंडळी. जालन्यात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. दगडखाणीत काळ्या पाषाणाला भोकं पाडणाऱ्यांसाठी जॅकहॅमरचा स्टँड करतोय. यंत्र 25 किलोच्या आसपास, हादरे थेट मनगटात बसतात. पहिला नमुना मी एकट्यानेच कागदावर ठरवला आणि तो चुकला. खाणीतल्या एका मामांनी हादरे कमी बसावेत म्हणून यंत्राच्या मुठीवर गुंडाळलेली सायकलची ट्यूब दाखवली, म्हणाले, "आधी इचारायचं व्हतं की."

धूळ फुफ्फुसात जाते, म्हणून भोकात पाणी सोडायची नळी हवीच. पण उन्हाळ्यात पाणी टँकरचं, तेव्हा नळी कुठून न्यायची हे ड्रिल धरणारेच सांगतील.

अडचण अशी की मुकादमासमोर कुणी तोंड उघडत नाही. त्यांना वर्कशॉपवर बोलवू, की नमुनाच खाणीत नेऊ? बुडालेला रोज मी देणारच आहे. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.