मदत हवी आहे: स्टेल्व्हिओ-उम्ब्राइल लूप 34-28 वर जमेल का?

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात इटलीतल्या प्रातो गावाहून सायकलने स्टेल्व्हिओ घाट चढायचा, उम्ब्राइल खिंडीतून स्वित्झर्लंडमध्ये उतरायचं आणि खालून फिरून परत प्रातोला यायचं, असा बेत आहे. एकूण साधारण 60 किमी. रविवारी 100 किमी करून येणारा माणूस 60 चा एवढा बाऊ का करतोय, असं घरच्यांना वाटतंय. त्यांना समजावता समजावता मलाच घाम फुटला, म्हणून इथे विचारतोय.

प्रातो 915 मीटरवर, माथा 2757 वर. म्हणजे 24 किमीत 1800 मीटरहून जास्त चढ, सरासरी जवळपास साडेसात टक्के. 48 हेअरपिन (यू-आकाराची वळणं), प्रत्येकावर नंबराचा दगड, आणि नंबर उलटे: खाली 48, माथ्याशी 1. ट्राफॉय गावापर्यंतचे पहिले दहा किमी त्यातल्या त्यात बरे. खरी मारामारी पुढच्या 14 किमीत, तिथे सरासरी साडेआठच्या आसपास जाते.

आता माझी कुंडली. वय 46, वजन 78 किलो. सायकल, बाटल्या, कपडे धरून 90. एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद) 200 वॉट, घरच्या ट्रेनरवर मोजलेली. सायकलचे गिअर शिमानो 105 आर 7000 चे, पुढच्या चक्रांना 50 आणि 34 दात, मागच्यांना 11 ते 28, आणि रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे). राहतो उत्तर जर्मनीत, जिथे सर्वांत मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा पूल.

मुख्य प्रश्न: सर्वांत हलका गिअर 34-28 (पुढे 34, मागे 28 दात) पुरेल का? एक मित्र म्हणतो पुरेल, कोप्पीकडे (इटलीचा जुना शर्यतपटू) कुठे एवढे गिअर होते. दुसरं, दिशा हीच ठेवू की उलटी? आधी उम्ब्राइल चढून 48 वळणांनी उतरलो तर फोटो भारी येतील. तिसरं, सीमा दोनदा ओलांडायची आहे, तर कागदपत्रं कुठली ठेवायची? उतारावर मी जरा घाबरतो, पण तो मुद्दा नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद 1

कोप्पी 1953 च्या जिरो द'इटालिया शर्यतीत याच बाजूने चढला, प्रतिस्पर्धी कोब्लेटला मागे टाकलं आणि आघाडीवीराची गुलाबी जर्सी घेऊन पलीकडे बोर्मिओला उतरला. तुमच्या मित्राला सांगा, आपण कोप्पी नाही.

हिशोब करू. 200 वॉट एफटीपी असलेल्याने तीन तासांच्या चढावर 150-160 च्या वर जाऊ नये, त्यात वर हवा विरळ (माथ्यावर दाब समुद्रसपाटीच्या 72 टक्क्यांच्या आसपास). 155 धरा. 90 किलो वजन घेऊन साडेआठ टक्क्यांवर वेग पडतो 6.8 किमी. 34-28 ला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर जाते, म्हणजे केडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) 44. एक-दोन किमी काढता येतं हो. तुम्हाला 14 किमी काढायचेत, दोन तास. गुडघे बोलायला लागतील. मागे 34 दात असतील तर तोच वेग 54 च्या केडन्सला मिळतो. हेही काही फार नाही, पण माणसासारखं चढता येतं.

नुसतं कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) घेऊन येऊ नका. आर 7000 चा छोट्या केजचा डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मागे 30 दातांपर्यंतच चालतो. 34 साठी लांब केजचा, जीएस लिहिलेला घ्यावा लागेल. चेनही नवी, लांब. आणि हे सगळं निघायच्या आदल्या रात्री नको, महिनाभर आधी बसवून चालवून बघा.

एकूण चढायला तीन तास दहा-वीस मिनिटं लागतील. ट्राफॉयपर्यंत "अरे, सोपं आहे की" असं वाटेल. तिथेच लोक माती खातात. फ्रान्झेन्सहोहेच्या हॉटेलपाशी (2188 मी) झाडं संपलेली असतात आणि उरलेली वीसेक वळणं समोर भिंतीवर एकावर एक रचलेली दिसतात. तिथे पोचताना पायात जीव असला पाहिजे.

प्रतिसाद 2

वरच्याला +1. दिशा तुम्ही म्हणताय तीच ठेवा. 48 वळणांच्या बाजूला मोटारसायकली आणि गाड्यांची रीघ असते, आणि वळणं इतकी आवळलेली की मोठं वाहन पूर्ण रस्ता घेतं. चढताना तुम्ही सातच्या वेगाने कडेला असता, फार बिघडत नाही. उतरताना तेच नकोसं होतं. सकाळी सातला प्रातो सोडा. गर्दीच्या आधी वर पोचाल आणि दुपारच्या गडगडाटी पावसालाही चुकवाल.

माथ्यावरून बोर्मिओच्या बाजूला तीन किमी उतरलं की उजवीकडे उम्ब्राइलचा फाटा. फाटा चुकलात तर थेट बोर्मिओ, आणि मग तोच घाट परत चढा! उम्ब्राइलच्या जुन्या वर्णनांत मधला तुकडा कच्चा असल्याचं वाचाल, ते विसरा. 2015 मध्ये तोही डांबरी झाला.

इटली आणि स्वित्झर्लंड दोन्ही शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे वेगळा व्हिसा नको. पासपोर्ट आणि जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, तेव्हा फोनचा डेटा रोमिंगला कितीला पडतो ते आधी बघा किंवा नकाशा डाउनलोड करून ठेवा. आणीबाणीचा नंबर दोन्हीकडे 112 चालतो.

प्रतिसाद 3

"उतारावर मी जरा घाबरतो, पण तो मुद्दा नाही." माझ्या मते मुद्दा तोच आहे. रिम कुठल्या आहेत? आणि घाबरता म्हणजे नेमकं काय झालं होतं?

धागाकर्ता

पकडलंत. रिम कार्बनच्या, सेकंडहँड घेतलेल्या. मागच्या वर्षी सुटीत एका डोंगरातून उतरताना थंडीने बोटं बधिर झाली, ब्रेक कितपत दाबतोय ते कळेना, म्हणून भीतीने सगळा वेळ दाबूनच धरले. खालच्या एका वळणाआधी पुढची ट्यूब बंदुकीसारखी फुटली. वेग कमी होता म्हणून गवतात जाऊन पडलो, खरचटण्यावर निभावलं. घरी फक्त "पंक्चर झालं" एवढंच सांगितलंय.

प्रतिसाद 3 (पुन्हा)

मग गिअर दुय्यम आहे. चढ नाही जमला तर माणूस उतरून ढकलत जातो. उताराला ती सोय नाही.

उम्ब्राइल 2501 वरून स्वित्झर्लंडमधल्या सांता मारिया गावाला 1375 वर उतरतो, साडेतेरा किमीत 1100 मीटरहून जास्त. 90 किलो एवढे खाली आणायचे म्हणजे जवळपास दहा लाख ज्यूल कुठेतरी जिरवायचे. तेवढ्यात नळाचं तीन लिटर गार पाणी उकळीपर्यंत जाईल. वेगात असलात तर त्यातला मोठा वाटा हवा खाते. ब्रेक धरून हळूहळू उतरलात तर जवळजवळ सगळं रिमच्या कडेवर. कार्बनमधलं रेझिन तापून मऊ पडतं, ट्यूबही तापते, आणि तुमच्यासारखा बंदुकीचा आवाज होतो. तुमचं ते पंक्चर नव्हतं.

तेव्हा कार्बन चाकं घरी ठेवा. अ‍ॅल्युमिनियमची साधी चाकं लावा, त्यांना चालणारे ब्रेक पॅड लावा (कार्बनचे पॅड त्यांवर नकोत), टायर फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद.

हात खालच्या हँडलवर, तिथून लिव्हरवर जोर चांगला येतो. सरळ रस्त्यावर अंग उभं करा, छाती वाऱ्याला द्या, तो फुकटचा ब्रेक आहे. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच दोन्ही ब्रेक ठाम दाबा, वळणात शिरताना सोडा, नजर वळणाच्या पलीकडे. दाब-सोड, दाब-सोड. सोडलेल्या वेळात रिम निवते. तीन-चार किमीला थांबा, कुणी बघत नाही. रिमला बोट लावून बघू नका फक्त, मी लावलंय.

आणि थंडी. प्रातोपेक्षा माथ्यावर साधारण 12 अंश कमी असतात. खाली 22 असेल तर वर 10, त्यात तुम्ही तीन तास घामाने भिजलेले आणि पुढे चाळीसच्या वेगाचा वारा. माथ्यावर फोटोच्या आधी ओला बनियन बदला. वाऱ्याचं जॅकेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, हेल्मेटखाली पातळ टोपी. हातमोजे विसरलात तर पुढचं सगळं वाया, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

प्रतिसाद 4

सगळ्यांनी चांगलं घाबरवलंय, म्हणून थोडं दुसरं. वाटेतलं राष्ट्रीय उद्यान 1935 चं आहे, आणि घाटाचा रस्ता त्याहून शंभरेक वर्षांनी जुना: 1820 ते 1825 मध्ये कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनिअरने ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी बांधला. घोडागाड्यांसाठी आखलेला, म्हणूनच चढ कुठे अंगावर येत नाही, नुसता संपत नाही. सांता मारियापासून पुढे जवळजवळ उतारच आहे. म्युस्टाइरचा जुना मठ रस्त्यालगत आहे, युनेस्कोच्या यादीतला. ग्लोरेन्झा गावाची तटबंदी बघायला दहा मिनिटं काढा. तोवर पाय परत तुमचे झालेले असतील.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. 11-34 आणि लांब डिरेल्युअर मागवला. जुनी अ‍ॅल्युमिनियमची चाकं माळ्यावरून काढली, त्यांच्यासाठी पॅडही. घरी त्या "पंक्चर"चं खरं सांगितलं, त्यावर वेगळा धागा निघू शकेल. ठरलं असं की बायको गाडी घेऊन उम्ब्राइलच्या फाट्यावर थांबणार. पाऊस असेल किंवा बोटं बधिर वाटली तर सायकल गाडीत, वाद नाही. नाहीतर ती मागोमाग सांता मारियापर्यंत येणार.

एक शेवटचं: 11-28 कॅसेट आणि छोट्या केजचा डिरेल्युअर, जेमतेम 4000 किमी चाललेले, तेही सगळे सपाटीवर, कुणाला हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कार्बन चाकं विचारू नका, ती कुणाला द्यायची हिंमत होत नाही.