धोकादायक वर्गखोली, अपुरे अनुदान आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अधिकार

प्रश्न : पालक, पाटण तालुका

नमस्कार. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट ४२ आहे. दोनपैकी एका खोलीच्या भिंतीला तुळईखाली भेग गेली असून तिच्या टोकाशी आम्ही खडूने तारीख लिहून ठेवली होती. गेल्या पावसाळ्यात भेग त्या खुणेच्या चार बोटे पुढे सरकली. तेव्हापासून तिसरी-चौथीची मुले मारुतीच्या देवळात बसतात. कोयनेचा १९६७ चा भूकंप पाहिलेली माणसे गावात अजून आहेत, त्यामुळे त्या खोलीत मूल बसवायला कोणी धजत नाही. वर्षाचे २५ हजारांचे संयुक्त शाळा अनुदान वीजबिल, किरकोळ साहित्य आणि स्वच्छता यांतच संपते. खोली पाडण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि दुरुस्तीला पैसा नाही. मी समितीचा सदस्य आहे, पण समितीच्या हाती नेमके आहे तरी काय?

उत्तर : निवृत्त केंद्रप्रमुख, सांगली

आपल्या हाती शाळा विकास आराखडा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. कलम २२ प्रमाणे हा आराखडा समितीने तयार करायचा असतो आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यावयाच्या अनुदानाचा आधार तोच असतो. माझ्या नोकरीत पाहिलेले बहुतेक आराखडे मात्र मुख्याध्यापकांनी एका रात्रीत, गतवर्षीचे आकडे थोडे बदलून भरलेले असत. सह्या तेवढ्या सर्वांच्या. (मीही ते तपासून पुढे पाठवले आहेत, हे कबूल करतो.)

आपण दुरुस्ती मागत बसू नये, आधी निर्लेखन, म्हणजे खोली वापरास अयोग्य ठरवून नोंदीतून कमी करणे, मागावे. इमारत जिल्हा परिषदेची असल्याने अभियंत्याच्या पाहणी अहवालाशिवाय ती पाडता येत नाही, आणि कागदावर खोली उभी असेपर्यंत नव्या खोलीची मागणी लंगडीच राहते. समितीचा व ग्रामपंचायतीचा असे दोन्ही ठराव जोडून प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घ्यावी.

उत्तर : ग्रामपंचायत सदस्य, पलूस तालुका

पैशाबाबत थोडे सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील निधीपैकी ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी व स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित होता. आम्ही शाळेच्या स्वच्छतागृहाची पाइपलाइन बंधित निधीतून केली, त्यामुळे शाळेच्या अनुदानावरचा तो भार हलका झाला. मात्र काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आधी आलेले असावे लागते. ऐन मार्चमध्ये अर्ज घेऊन येणाऱ्यांना आम्हीही परत पाठवतो.

लोकवर्गणीविषयी माझे मत जरा वेगळे आहे. २०१९ च्या महापुरानंतर आमच्याकडे शाळा धुऊन रंगवण्यास वर्गणी झाली, ते योग्यच होते. परंतु वर्गखोलीच वर्गणीतून बांधली, तर पुढच्या वेळी जिल्हा परिषद आपल्याकडेच बोट दाखवील. कुंपण, दिवे, खेळाचे साहित्य येथवर वर्गणी ठीक आहे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. या महिन्याच्या बैठकीत निर्लेखनाचा ठराव मांडतो. भेगेची तारखांसह छायाचित्रे जोडली तर चालतील का?

निवृत्त केंद्रप्रमुख, सांगली

अवश्य जोडा, मात्र छायाचित्र घेताना भेगेशेजारी मोजपट्टी धरा, आणि ठराव इतिवृत्तात लिहून झाल्यावरच सह्या घ्या, कोऱ्या पानावर नको.