शब्दचर्चा : 'यादवी', 'दुफळी' की 'फूट'?

प्रश्न :
आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आधीच्या काळावर लेख लिहिते आहे. "गुलामगिरीवरून १८५० नंतर अमेरिकेत यादवी माजली" असं पहिलं वाक्य लिहिलं आणि तिथेच अडले. युद्ध तर १८६१ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. त्याआधीच्या काळाला यादवी म्हणावं का? दुही, दुफळी, फूट, फाळणी यांतलं काय बसेल? 'गुलाम राज्ये', 'फरारी गुलाम' हे शब्दही वापरले आहेत, तेही बघावेत.

प्रतिसाद :
ताई, 'फाळणी' अजिबात नको. तो शब्द वाचला की आपल्याला १९४७ च आठवतं. 'दुही' मनांतली, भावकीतली. 'फूट' संस्थेत किंवा पक्षात पडते, आणि तुमच्या विषयात ती शब्दशः पडलेली आहे : गुलाम बाळगणारा माणूस धर्माधिकारी असू शकतो का, या वादातून १८४४ मध्ये मेथडिस्ट चर्चमध्ये फूट पडली आणि पुढच्याच वर्षी बाप्टिस्टांमध्ये. देशासाठी मात्र मी 'दुफळी' घेईन.

प्रतिसाद :
दुफळीशी सहमत. 'यादवी'बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा शब्द आपण फार सैल वापरतो.

यादवी आली महाभारतातल्या मौसलपर्वातून. प्रभासक्षेत्री मद्य प्यालेले यादव, सात्यकी आणि कृतवर्मा यांची जुन्या गोष्टींवरून बाचाबाची, आणि मग एरका गवत उपटून आपलीच माणसं आपल्याच माणसांवर तुटून पडली. त्यामुळे यादवी म्हटलं की दोन्हीकडचे सारखेच बेभान, कारण क्षुल्लक, शेवट सर्वनाश, हा भाव सोबत येतो. 'यादवी युद्ध' हे त्या युद्धाचं मराठीत रुळलेलं नाव आहे, ते खुशाल ठेवा. पण १८५० च्या दशकाला यादवी म्हटलं तर कारण झाकलं जातं. आणि कारण क्षुल्लक नव्हतं. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ३९ लाख ५० हजार माणसं गुलाम म्हणून मोजली गेली. त्याच वर्षी २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडलं. त्याची कारणं सांगणारं जे जाहीर निवेदन त्या राज्याने काढलं, त्यात पळून गेलेले गुलाम उत्तरेकडची राज्यं परत करत नाहीत ही तक्रार स्पष्ट लिहिली आहे.

शब्द चुकवण्याचा खेळ तिथेही जुनाच होता. मूळ अमेरिकन राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही. लोकसंख्या मोजताना त्यांना 'इतर व्यक्ती' म्हटलं आणि अशा पाच जणांचे तीन धरले. पळून गेलेल्याला 'सेवेस किंवा श्रमास बांधलेली व्यक्ती' म्हटलं. दक्षिणेतले लोक गुलामगिरीला 'आमची खास संस्था' म्हणत. पुढे १८६१ मध्ये फुटून निघालेल्या राज्यांनी स्वतःची घटना लिहिली, तेव्हा मात्र 'गुलाम' हा शब्द उघड घातला. म्हणून विनंती, लेखात 'सेवाप्रथा', 'दासप्रथा' असले मवाळ शब्द आणू नका. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'गुलामगिरी'. मराठीला हा शब्द सहज पेलतो.

प्रतिसाद :
'गुलाम राज्ये' तर चूकच आहे. मराठीत त्याचा अर्थ दुसऱ्याच्या गुलामीत असलेली राज्ये असा होतो. 'स्वतंत्र राज्ये' म्हटलं तर सार्वभौम असं वाटतं. थोडं लांबलं तरी 'गुलामगिरीला मान्यता असलेली राज्ये' आणि 'गुलामगिरीबंदी असलेली राज्ये' लिहा. १८६० मध्ये पहिली १५ होती, दुसरी १८.

'गुलामगिरीविरोधक' हा शब्दही सांभाळून वापरा. गॅरिसन, फ्रेडरिक डग्लस हे उच्चाटनवादी, गुलामगिरी ताबडतोब आणि सगळीकडून जावी म्हणणारे. १८६० चा लिंकन विस्तारविरोधक : जिथे आहे तिथे हात लावणार नाही, नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही. दोघांना एकच शब्द लावला तर लिंकन निवडून येताच दक्षिणेत एवढा भडका का उडाला, हे वाचकाला चुकीचं कळेल.

प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. 'फरारी'चं कोणी सांगेल का?

प्रतिसाद :
फरारी म्हटलं की आपल्याकडे पुढचा शब्द 'आरोपी' येतो. १८५० च्या 'फरारी गुलाम' कायद्याला नेमकं तेच हवं होतं. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नव्हती, ज्यूरी नव्हती. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाकडे परत पाठवला तर १० डॉलर, सोडला तर ५. शिवाय सामान्य नागरिकाने पकडायला मदत करायची सक्ती. १८५४ मध्ये गुलामगिरीतून सुटून आलेल्या अँथनी बर्न्सला परत पाठवण्यासाठी उत्तरेतल्या बोस्टनच्या रस्त्यांतून सैनिकांच्या पहाऱ्यात बंदराकडे नेलं, तेव्हा लोक दुतर्फा उभे होते. तोवर गुलामगिरी दूर दक्षिणेत आहे असं मानणाऱ्यांच्या दारात ती आली. माझ्या मते दुफळी रुंदावण्यात या कायद्याचा वाटा फार मोठा आहे. कायद्याचं नाव सांगताना 'फरारी' अवतरणचिन्हांत ठेवा. माणसांबद्दल लिहिताना 'पळून आलेले', किंवा त्याहून चांगलं, 'सुटून आलेले' म्हणा.

प्रश्नकर्ती :
पहिलं वाक्य बदललं : "सुटून आलेल्या माणसांना पकडून मालकाच्या हवाली करायचं की नाही, या प्रश्नाने १८५० नंतर अमेरिकेतली दुफळी घराघरांत पोचली." चालेल?

प्रतिसाद :
चालेल. फक्त 'मालकाच्या'ऐवजी 'मालक म्हणवणाऱ्याच्या' करा.