जिप्सी उचलली आणि 55 नंतर खालून घरघर, शाफ्ट की टायर?

वाईकर_जिप्सी:
नमस्कार मंडळी, जरा डोकं लावा. जिप्सी किंग एमपीएफआय आहे. मागच्या महिन्यात स्प्रिंग ओव्हर करून घेतली, म्हणजे पाटे हौसिंगच्या (दोन चाकांमधल्या आडव्या नळीच्या) खाली होते ते वर घेतले, गाडी पाचेक इंच उचलली गेली, आणि 205/70 काढून 235/75 आर 15 टायर टाकले. दिसायला एक नंबर झालीय पण हायवेला 55 च्या पुढे गेलं की खालून घरघर सुरू, 65 ला गिअरचा दांडा हातात थरथरतो आणि पायाखालचा पत्रा नुसता गुणगुणतो. ॲक्सिलरेटर दाबला की वाढते, सोडला की बरीच कमी होते. ज्याच्याकडे काम केलं तो म्हणतो टायरचं बॅलन्सिंग करा, तेही झालं, फरक शून्य. स्टिअरिंग मात्र शांत आहे. आता तो फोनच उचलत नाही, ते असो. मागचा शाफ्ट, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या हौसिंगपर्यंत नेणारा फिरता पाइप, लांब करून घेतलाय लेथवर. कुठून सुरुवात करू?

नुसता_धुरळा:
जिप्सी आहे भाऊ, हलणारच 😄 आराम पाहिजे असेल तर इनोव्हा घ्या.

डोंगरफाटा:
धुरळा साहेब, पाच इंच उचलायच्या आधी हलत नव्हती ना, मग आता का हलावी.

वाईकर, टायर बाजूला ठेवा. साधा हिशोब बघा, तुमच्या टायरचा परीघ साधारण 2.3 मीटर, 60 च्या स्पीडला चाक सेकंदाला सव्वासात फेरे मारतं. टायर किंवा रिम खराब असेल तर हादरा त्याच लयीत येतो, धडधड धडधड, आणि पुढचा टायर असेल तर स्टिअरिंगला हमखास. हौसिंगमधल्या गिअरचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) चारच्या आसपास धरला तर त्याच स्पीडला शाफ्ट सेकंदाला 29 फेरे मारतोय. शाफ्ट आउट ऑफ बॅलन्स असेल तर 29 झटके, कोन चुकलेला असेल तर फेऱ्याला दोन म्हणजे 58. ते वेगवेगळं जाणवतच नाही, त्याची घरघरच होते. तुमचं वर्णन तेच आहे. (मोठ्या टायरने तुमचं मीटर कमी दाखवतंय हेही लक्षात ठेवा, मीटरवर 60 म्हणजे खरे 66 च्या जवळ.)

आता घरबसल्या करायचं ते सांगतो. मोकळ्या रस्त्यावर 65 ला न्यूट्रल करा, इंजिन आयडलला येऊ द्या. घरघर स्पीडबरोबर हळूहळू उतरली तर इंजिन-क्लचचा दोष नाही. मग पुढचे हब (चाक शाफ्टला जोडणारी-सोडणारी कुलपं) फ्री आहेत का बघा, लॉक राहिले असतील तर पुढचा शाफ्टही उगाच फिरत असतो. त्यानंतर मागचा शाफ्ट पूर्ण काढा, दोन्ही टोकांना फ्लॅन्ज (बोल्टांची चकती) आहे, चार-चार बोल्ट, ऑइलही सांडत नाही. हब लॉक करून फोर हायमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या गिअरमध्ये) टाका, गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालेल, मागचं सुटलेलं असल्याने डांबरी रस्त्यावरही चालतं. घरघर गेली तर दोषी सापडला. फक्त उतारावर लावू नका आणि चाकाला दगड लावा, शाफ्ट नसला की गिअरचा आधार मागच्या चाकांना मिळत नाही.

सह्याद्री४बाय४:
एवढं कशाला, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा) दोन इंच खाली घ्या, पट्ट्या टाकून. आमच्याकडे एका जीपला तेच केलं, काम झालं.

डोंगरफाटा:
जीपला झालं असेल, तिथे ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच बसलेली असते. जिप्सीची वेगळी, तीन रबरांवर लटकलेली, आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट येतो. ती खाली घेतली की त्या आखूड शाफ्टचे कोन बिघडणार, म्हणजे मागचं दुखणं पुढे. हां, ती तीन रबरं मात्र बघाच, एखादं फाटलेलं असेल तर लोड आला की केस वाकडी होते.

वाईकर_जिप्सी:
मागचा शाफ्ट काढून पुढच्यावर चालवली. काय सांगू, लोण्यासारखी! 70 पर्यंत नेली, घरघर नाही. रबरं तिन्ही शाबूत. क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे) हाताने फिरवले, कुठे अडकत नाहीत, ढिलेपणा पण नाही. म्हणजे शाफ्ट बॅलन्स करून आणू का?

लेथ_आणि_लोखंड:
थांबा, पैसे घालवायच्या आधी दोन गोष्टी. पहिली, फेज. शाफ्ट जिथे सरकतो ना त्या दाताळ्याच्या दोन्ही बाजूंचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत पाहिजेत. जमिनीवर आडवा ठेवून बघा. लांब करताना लोक दोन तुकडे कसेही घुसवतात, एक-दोन दात इकडेतिकडे झाले तरी आयुष्यभर घरघर. आणि दाताळं किती आत आहे तेही बघा, उचलल्यावर ते बाहेर खेचलं जातं, थोडंच अडकलेलं असेल तर शाफ्ट मधेच डुलतो.

दुसरी, कोन. फोनवर लेव्हलचं ॲप असतं ते घ्या. गाडी सपाटीवर चारही चाकांवर उभी हवी, जॅकवर हौसिंग लटकवून मोजलं तर सगळे आकडे खोटे. शाफ्ट बसवून आधी त्याच्या पाइपचा उतार मोजा. मग काढून ट्रान्सफर केसच्या फ्लॅन्जच्या तोंडाला फोन उभा लावा, 90 पासून जेवढा फरक तेवढा कोन, तसंच पिनियनच्या (हौसिंगमध्ये शाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरच्या) फ्लॅन्जला. तिन्ही आकडे टाका इथे.

वाईकर_जिप्सी:
फेज बरोबर आहे, दाताळं पण चांगलं आत आहे. आकडे असे: ट्रान्सफर केस 3, मागे उतरती. शाफ्ट 14, मागे उतरता. पिनियन 12, तोंड वर करून पुढे बघतोय.

लेथ_आणि_लोखंड:
सापडलं. वरचा क्रॉस 14 वजा 3, म्हणजे 11 डिग्रीत चाललाय. खालचा 14 वजा 12, फक्त 2. क्रॉस तिरका चालला की शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असला तरच तो ते खोडून काढतो. तुमच्याकडे 11 चं खोडायला 2 आहेत, उरलेलं सगळं हौसिंगमध्ये आणि तुमच्या पायात जातंय. कितीही बॅलन्स करा, काही होणार नाही.

वेल्डिंगवाल्याने पिनियनचं नाक थेट ट्रान्सफर केसकडे करून ठेवलंय. डोळ्याला सरळ दिसतं म्हणून बरेच जण तसं करतात. वरच्या टोकाला डबल कार्डनचा (एकाला एक लागून दोन क्रॉस असलेला) शाफ्ट असता तर ते बरोबर ठरलं असतं, तो शाफ्ट स्वतःचा कोन स्वतःच निस्तरतो. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला दोन्ही फ्लॅन्ज समांतर लागतात, म्हणजे तुमचा पिनियनही 3 वर. ॲक्सिलरेटरला वाढते तेही जुळतं, जोर आला की पिनियन अजून नाक वर करतो आणि स्प्रिंग ओव्हरमध्ये पाटा जास्तच पिळवटतो. म्हणून मी 3 च्या जागी दीड-दोन ठेवतो, लोडवर आपोआप जागेवर येतो.

वाईकर_जिप्सी:
मग पाट्याखाली फाचर टाकून भागेल का?

लेथ_आणि_लोखंड:
दोन-चार डिग्री असती तर लोखंडी फाचर टाका म्हणालो असतो. दहा डिग्रीची फाचर म्हणजे विटेचा तुकडा, सेंटर बोल्ट तुटेल. ॲल्युमिनियमची तर कुठल्याच मापाची नको, चिरडते. पर्च (हौसिंगवरच्या पाट्याच्या बैठका) कापून नव्याने लावायचे. आधी नुसते टाके मारायचे, गाडी चाकांवर उतरवायची, कोन मोजायचे, मगच पूर्ण वेल्ड. आणि वेल्ड थोडं थोडं, थांबून, एका दमात ओढलं तर हौसिंगचा पाइप वाकतो. अर्थ त्या पर्चच्या जवळच लावायला सांगा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. एमपीएफआय आहे, म्हणजे इंजिनला कॉम्प्युटर असतो, त्याला धक्का नको म्हणून बॅटरीची वायर काढून ठेवा. तोवर हायवेला नेऊ नका, 11 डिग्रीवर वरचा क्रॉस तापतो आणि शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यात रुतलं तर काय होतं ते बघायची वेळ येऊ नये.

वाईकर_जिप्सी:
दुसऱ्या फॅब्रिकेटरकडे करून घेतलं, समोर उभा राहून. पिनियन 2 वर आलाय. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्यात दाबून बघितली, घरघर गेली. 75 च्या पुढे अजून बारीक गुणगुण आहे पण दांडा हलत नाही.

डोंगरफाटा:
11-11 डिग्रीवर तेवढी राहणारच, साध्या क्रॉसला एवढ्या कोनात जास्त स्पीड मानवत नाही. 80 पुढे रोज जायचं असेल तर डबल कार्डनचा खर्च करा, तेव्हा पिनियन परत वर न्यावा लागेल हे लक्षात ठेवा. नसेल तर क्रॉसला ग्रीस वेळेवर, आणि पाचेकशे किलोमीटरनी यू बोल्ट (पाटा हौसिंगला बांधणारे) परत आवळा, नवीन पर्चवर ते बसतात आणि ढिले पडतात.

नुसता_धुरळा:
इनोव्हाचं काय ठरलं मग?